कपाटातली बाहुली

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला पालथं घालायला पाच-सहा जण लागतात. एकजण डोक्याशी उभा राहतो. घशातली नळी त्याच्या हातात असते आणि हुकूमही त्याचाच चालतो. बाकीचे दोन्ही अंगांना. सलाइनच्या नळ्या, लघवीची पिशवी, मॉनिटरच्या वायरी आधी मोकळ्या करून घ्यायच्या, मग ‘एक, दोन, तीन’ म्हटल्यावर रुग्ण खाटेच्या कडेला, तिथून कुशीवर, तिथून पोटावर. या अर्ध्या मिनिटात नळी निसटली तर रुग्ण हातचा जाऊ शकतो. मुख्यतः फ्रान्समध्ये झालेल्या ‘प्रोसेव्हा’ चाचणीने २०१३ मध्ये दाखवून दिलं होतं की, फुप्फुसं गंभीररीत्या निकामी झालेल्या रुग्णांना सलग किमान सोळा तास असं पालथं ठेवलं, तर २८ दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण जवळपास ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर येतं. कोविडच्या अतिदक्षता विभागांत ही क्रिया रोजची झाली. पुस्तकात ती अर्ध्या पानाची आहे. ते अर्धं पान पाठ असलेली मुलगी आणि सहाजणांच्या हालचाली एका सुरात आणणारी मुलगी यांच्यात फरक पडतो तो सरावाने.

नर्सिंगच्या शिक्षणात अशा सरावाला सिम्युलेशन म्हणतात. नाटकवेड्या मराठी माणसाला तो शब्द समजावायला फार खटाटोप नको, रंगीत तालीम म्हटलं की झालं. दिवे, सामान, वेशभूषा सगळं खरं असतं, प्रेक्षक तेवढे नसतात. इथे रुग्ण तेवढा नसतो. त्याच्या जागी बाहुली असते, नाहीतर रुग्णाचं सोंग घेऊन पडलेली एखादी वर्गमैत्रीण. महामारीत आपल्याकडे ही तालीम बहुतेक ठिकाणी झालीच नाही. पहिला प्रयोग मात्र हाऊसफुल होता.

दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. ३ मे २०२० रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी देशभरातल्या कोविड रुग्णालयांवर फुलांच्या पाकळ्या उधळल्या. बरोबर एक वर्षाने, ३ मे २०२१ रोजी, दुसरी लाट अंगावर आलेली असताना केंद्राने मनुष्यबळ वाढवण्याचे निर्णय जाहीर केले. नीट-पीजी परीक्षा किमान चार महिने पुढे ढकलली, इंटर्न डॉक्टरांना कोविडच्या कामावर घ्यायला सांगितलं, बीएस्सी आणि जीएनएम झालेल्या परिचारिकांना पूर्णवेळ कोविड ड्युटी द्यायचं ठरलं. शंभर दिवस काम करणाऱ्यांना सरकारी भरतीत प्राधान्य मिळणार होतं. शेवटच्या वर्षाची परीक्षा अजून द्यायची होती अशा नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनाही वरिष्ठांच्या देखरेखीखाली पूर्णवेळ ड्युटीवर लावायचं, हेही त्यात आलं.

पाकळ्या आणि हुकूम यांच्यामध्ये ३६५ दिवस होते. त्या दिवसांत या मुलामुलींना काय शिकवलं गेलं?

मनुष्यबळ कमी पडणार, हे काही गुपित नव्हतं. २०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने आधीच परिचारिका आणि सुईणींचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. निमित्त होतं फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्माच्या द्विशताब्दीचं. सत्काराचं वर्ष परीक्षेचं निघालं. त्याच एप्रिलमध्ये संघटनेच्या अहवालात आकडा आला: जगात ५९ लाख परिचारिका कमी आहेत. आणि मे महिन्यात महाराष्ट्राने केरळकडे ५० डॉक्टर आणि १०० परिचारिका मागितल्या, मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर उभ्या राहणाऱ्या कोविड केंद्रासाठी. परिचारिकांसाठी दुसऱ्या राज्याला पत्र लिहावं लागणाऱ्या राज्यातली नर्सिंगची हजारो मुलं त्या वेळी आपापल्या घरी मोबाइलची रेंज शोधत बसली होती.

कारण कॉलेजं मार्चमध्येच बंद झाली होती. होस्टेलं रिकामी करून घेतली गेली, काही ठिकाणी तिथेच विलगीकरण कक्ष झाले. नर्सिंगचं कॉलेज एरवी कुठल्यातरी रुग्णालयाला जोडलेलं असतं आणि भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असावे लागतात. जिल्हा रुग्णालयं कोविडसाठी राखीव झाली तेव्हा रुग्ण वाढले, पण विद्यार्थ्यांना वॉर्ड उरला नाही. बाळंतपणं, लहान मुलं, शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा, मनोरुग्ण, सगळ्या पोस्टिंगा थांबल्या. थिअरी झूमवर सरकली. ॲनाटॉमी, फार्माकॉलॉजी कशीबशी पार पडली. पण रायलची नळी नाकातून पोटात घालताना रुग्ण ठसकला तर हात कुठे थांबवायचा, हे पडद्यावरून कळत नाही. लॉगबुकात प्रत्येक क्रियेपुढे सहीचा रकाना असतो. त्या दोन वर्षांतल्या किती रकान्यांमागे खरा रुग्ण होता, हे त्या रकान्यांवरून कुणालाच सांगता येणार नाही.

विद्यार्थ्यांना वॉर्डबाहेर ठेवण्याचा निर्णय चुकला होता असं मुळीच नाही. पीपीई किट कामावरच्या कर्मचाऱ्यांनाच पुरत नव्हते. मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात एप्रिल २०२० मध्ये परिचारिकांनाच मोठ्या संख्येने लागण झाली. अशा वेळी एकोणीस-वीस वर्षांच्या मुलींना तिथे पाठवणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं. चूक झाली ती पर्याय दोनच आहेत असं मानण्यात: वॉर्ड नाहीतर घर. मधली एक खोली होती. बहुतेक कॉलेजांत ती ‘स्किल लॅब’ किंवा ‘प्रात्यक्षिक कक्ष’ अशी पाटी लावून उभी असते.

या खोलीचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेत हार्टफर्डच्या रुग्णालयातल्या परिचारिका प्रशालेने १९११ मध्ये ऱ्होड आयलंडच्या मार्था चेस या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंकडून माणसाच्या आकाराची बाहुली करवून घेतली. ‘मिसेस चेस’ या नावाने ती पुढे कित्येक पिढ्यांच्या हाताखालून गेली. कूस बदलणं, अंग पुसणं, एनिमा देणं, सगळं तिच्यावर. १९६० मध्ये नॉर्वेतल्या आस्मुंड लार्डाल यांनी कृत्रिम श्वास शिकवण्यासाठी ‘ॲन’ घडवली. हे गृहस्थही मूळचे खेळणीवालेच. ॲनचा चेहरा पॅरिसच्या सेन नदीत बुडालेल्या एका अनाम तरुणीच्या मुखवट्यावरून घेतला, असं सांगतात. आज पुण्या-मुंबईतल्या एखाद्या सीपीआर शिबिरात छाती दाबून घेणारी बाहुली त्याच कुळातली असते.

आता बाहुली घाम गाळते, तिची नाडी बोटांना लागते, लॅपटॉपवरून तिचा रक्तदाब पाडता येतो. पण ती खऱ्या वॉर्डची जागा घेऊ शकते का? हा प्रश्न महामारीच्या आधीच नीट विचारला गेला होता. अमेरिकेतल्या नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने दहा नर्सिंग कॉलेजांतल्या सहाशेहून अधिक विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाला नेहमीप्रमाणे वॉर्डात शिकवलं, दुसऱ्याचे वॉर्डातले एक चतुर्थांश तास सिम्युलेशनला दिले, तिसऱ्याचे निम्मे. २०१४ मध्ये निष्कर्ष छापून आले. परवान्याच्या परीक्षेतल्या यशात तिन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता.

हा अभ्यास जगभर उगाळला जातो, आपल्याकडे बाहुल्या विकणारेही उगाळतात. त्यातली अट मात्र सहसा सांगितली जात नाही. त्या दहा कॉलेजांत शिकवणाऱ्यांना सिम्युलेशनचं खास प्रशिक्षण दिलं होतं, विद्यार्थी आणि साधनं यांचं गणित जुळवलेलं होतं, आणि प्रत्येक सरावानंतर ठरलेल्या पद्धतीने चर्चा होत होती. असं सगळं असेल तरच हा निष्कर्ष लागू होतो, असं अभ्यासकर्त्यांनी स्वतःच बजावलं आहे.

म्हणून महामारीत ज्या देशांकडे ही तयारी होती, त्यांना नियम वाकवणं सोपं गेलं. कॅलिफोर्नियात विद्यार्थ्यांचे किमान ७५ टक्के तास प्रत्यक्ष रुग्णांसोबत जायला हवेत, असा दंडक होता. तो तात्पुरता ५० टक्क्यांवर आणला गेला. ब्रिटनमध्ये परिचारिका व्हायला ४६०० तास लागतात, त्यातले २३०० प्रत्यक्ष कामाचे. २०२१ च्या सुरुवातीला तिथल्या नियामकाने त्यातले ३०० तास सिम्युलेशनने भरायला परवानगी दिली. साथ ओसरल्यावर सवलत काढून घेण्याऐवजी २०२३ मध्ये ती ६०० तासांपर्यंत नेली. लंडनमध्ये एक्सेल या प्रदर्शन केंद्राचं रुग्णालय झालं तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांची तयारी करून घ्यायला गाण्याच्या मैफली होतात ते ‘ओटू’ सभागृह घेतलं गेलं. मुंबईतही गोरेगावच्या प्रदर्शन मैदानावर खाटा लागल्या, पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर जम्बो केंद्र उभं राहिलं. खाटांचे आकडे रोज पेपरात येत. त्या खाटांशी उभ्या राहणाऱ्यांनी किती तास सराव केला, याचा आकडा मागावा असं फारसं कुणाला वाटलं नाही.

आणि आपल्या बाहुल्या? त्या होत्या. अनेक कॉलेजांत त्या आजही आहेत, काचेच्या कपाटात, प्लास्टिकच्या आवरणासकट. त्यांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये असते आणि किल्ली पाठ्यनिर्देशिकेकडे. हात मोडला, झडप फाटली तर जाब तिलाच द्यायचा. मग ती किल्ली देते कशाला? इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी बाहुल्या पुसून मांडल्या जातात, कमिटी मोजदाद करून जाते, कपाट बंद होतं. इंजेक्शनचा पहिला सराव अजूनही मोसंबीवर होतो. त्यात वाईट काही नाही, मोसंबीची साल टोचताना हाताला मिळणारा विरोध बऱ्यापैकी खरा असतो. प्रश्न मोसंबीनंतर काय, हा आहे.

मोसंबीनंतर बहुतेकदा सरकारी रुग्णालयातल्या एखाद्या गरीब माणसाचा हात येतो. शीर सापडेपर्यंत तीन-चारदा टोचलं तरी तो बोलत नाही. विद्यार्थी शिकतात, माणसं सोसतात, आणि ही व्यवस्था इतकी अंगवळणी पडली आहे की त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. बाहुलीची किंमत मोजताना या हातांचीही किंमत मोजायला हवी. पैसे भरणाऱ्या रुग्णाच्या शिरेवर पहिला प्रयोग सहसा होत नाही, हे वॉर्डातल्या कुणालाही विचारावं.

सिम्युलेशनमधला खरा शिकवण्याचा भाग बाहुली बाजूला ठेवल्यावर सुरू होतो. समजा, वीस मिनिटांचा प्रसंग झाला: रुग्णाचा ऑक्सिजन ८८ वरून ७९ वर घसरला, विद्यार्थिनीने मास्क नीट केला, डॉक्टरांना फोन करायला तिला चार मिनिटं लागली. आता सगळे खुर्च्या गोल करून बसतात. शिकवणारी विचारते, ‘आकडा उतरताना पाहिलास तेव्हा मनात काय आलं?’ मुलगी म्हणते, ‘डॉक्टर रागावतील असं वाटलं, म्हणून आधी खात्री करत बसले.’ झालं, चार मिनिटांचं कारण हाती लागलं. ते हाताच्या कौशल्याचं नव्हतंच, धाकाचं होतं. आपल्या वॉर्डांतली उतरंड पाहता हे कारण अनेक प्रसंगांत निघेल. यावर उपाय म्हणून रुग्णाची माहिती कशी द्यायची याची एक ठरीव रीत शिकवतात: रुग्ण कोण, आत्ता काय झालं, आधीचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवं. ती दहा वेळा मोठ्याने म्हणायला लावतात. दहाव्या वेळी आवाज चढतो.

ही चर्चा घडवायला कसब लागतं. ‘तू चुकलीस’ असं म्हटलं की मुलगी मिटते, ‘छान केलंस’ म्हटलं की चूक पक्की होते. ज्यांनी स्वतः पाठांतर आणि दरडावणी यांतून शिक्षण घेतलं, त्या शिक्षिकांना हे आपोआप येणार नाही. त्यांनाही कुणीतरी शिकवावं लागेल आणि त्यासाठी वेळापत्रकात तास ठेवावे लागतील. एरवी सगळा जोर बाहुलीच्या खरेदीवर, कारण खरेदीचं टेंडर निघतं. चर्चेचं टेंडर निघत नाही.

बाहुलीही नेहमी महाग लागते असं नाही. पीपीई चढवणं सोपं, लागण होते ती बहुधा उतरवताना. हातमोज्याची बाहेरची बाजू मनगटाला लागते, गॉगल काढताना बोट गालाला टेकतं. हे शिकवायला जगभर एक युक्ती वापरतात: किटवर अतिनील प्रकाशात चमकणारी भुकटी लावायची आणि उतरवून झाल्यावर अतिनील दिव्याखाली अंग तपासायचं. दिवा नसेल तर हातमोज्यांना होळीचा ओला रंग फासावा. शेवटी रंग ज्या ज्या ठिकाणी लागलेला दिसेल, त्या त्या ठिकाणी विषाणू लागला असं समजायचं. खर्च पन्नास रुपयांच्या आत. पालथं घालण्याचा सराव वर्गातल्याच एखाद्या ब्रदरला खाटेवर झोपवून करता येतो, तोंडाला सलाइनची नळी चिकटवली की भागतं. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचा सराव तर आपल्याकडे महामारीच्या आधीपासून एका साध्या पिशवीवर चालत आला आहे. ‘मामानॅटली’ नावाची ती पिशवी शिकवणारीने पोटाला बांधायची, आतून लाल पाणी वाहू लागतं आणि ती कण्हू लागते. आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणात हे पाहिलेल्यांना ठाऊक आहे की दुसऱ्या मिनिटाला समोरची मुलगी खरोखर घाबरलेली असते.

पुण्याला साथ आणि शुश्रूषा यांचं नातं जुनं आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेग पिसवांतून पसरतो, हे पॉल-लुई सिमॉनने कराचीत दाखवलं ते पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये. सावित्रीबाईंना स्वतःला वाचवण्याचं ज्ञान तेव्हा कुणाकडेच नव्हतं. २०२० मध्ये ते सगळं छापील होतं. तरीही आपण परिचारिकेकडे अजून त्यागाच्याच चष्म्यातून पाहतो. त्यागमूर्तीवर पाकळ्या उधळता येतात, प्रशिक्षित माणसाला मात्र वेळ, जागा आणि पगार द्यावा लागतो.

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली, पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. तिथल्या परिचारिकांना बोल लावणं मूर्खपणाचं ठरेल, टाकी त्यांनी बसवली नव्हती. पण नळीतला दाब उतरला की पहिल्या मिनिटाला जंबो सिलिंडरकडे कोण धावतं, हाताने दाबून श्वास द्यायची अँबू बॅग कुणाच्या हातात जाते, आधी कोणत्या खाटेकडे वळायचं, हे प्रत्येक अतिदक्षता विभागात महिन्यातून एकदा तरी करून पाहायला हवं. भंडाऱ्यात जानेवारी २०२१ मध्ये नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली. दोन्ही ठिकाणी परिचारिकांवर गुन्हे दाखल झाले. त्यानंतर फायर ऑडिट हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला. ऑडिटमध्ये वायरी तपासल्या जातात. धूर भरलेल्या खोलीतून वॉर्मरवरची बाळं कोणत्या क्रमाने उचलायची, हे त्यातून कळत नाही. ज्यांची तालीम कधी घेतली नाही, त्यांना प्रयोग फसल्याबद्दल कोर्टात उभं करायचं, हा न्याय अजब आहे.

सिम्युलेशनचं कौतुक करताना त्याची मर्यादाही मान्य करायला हवी. बाहुलीला वास येत नाही. तिची सून दारात रडत उभी नसते, तिचा नवरा मोबाइलवर चित्रीकरण करत नसतो. रात्री तीन वाजता चाळीस रुग्णांमागे दोन सिस्टर असताना जे शिकायला मिळतं, ते कुठल्याच लॅबमध्ये मिळणार नाही. सगळे तास बाहुलीवर काढलेली परिचारिका कुणालाच नको असेल. म्हणूनच ब्रिटनने मर्यादा ६०० तासांची ठेवली, २३०० ची नाही.

कागदावर आपणही पुढे सरकलो आहोत. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बीएस्सी नर्सिंगचा नवा अभ्यासक्रम आणला. त्यात सत्र पद्धत आली आणि सिम्युलेशनला जागा मिळाली. गुरुग्राममध्ये शिक्षकांना तयार करणारं राष्ट्रीय केंद्रही आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारात १५७ नवी नर्सिंग कॉलेजं काढायला १५७० कोटी रुपये मंजूर केले, म्हणजे कॉलेजमागे दहा कोटी. इमारत होईल, बाहुल्याही येतील. त्या कॉलेजांत फक्त सिम्युलेशनसाठी नेमलेली, त्यात प्रशिक्षित आणि वॉर्डाच्या ड्युट्यांतून मोकळी असलेली किमान एक शिक्षिका असणार आहे का, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक नव्या कॉलेजच्या मान्यतेआधी विचारलं जावं. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला हे एका परिपत्रकाने करता येईल. दुसऱ्या परिपत्रकाने स्किल लॅबच्या बाहुल्या डेडस्टॉकमधून काढून वापरून झिजणाऱ्या वस्तूंत टाकता येतील, म्हणजे किल्लीची भीती जाईल.

तिसरं काम तातडीचं आहे. २०२० ते २०२२ या काळात शिकलेल्या, वॉर्डाचे महिने हुकलेल्या परिचारिकांना त्यांच्याच रुग्णालयात आठवडाभर बाजूला काढून तालीम द्यायला हवी: पालथं घालणं, श्वास थांबलेलं बाळ, रक्तस्राव, ऑक्सिजनचा दाब. त्या आता विद्यार्थिनी नाहीत. कुणी अतिदक्षता विभागात नाइटला एकटीच असते, कुणी तालुक्याच्या प्रसूतिगृहात. आणि या वर्षी पहिल्यांदा वॉर्डात आलेल्या मुली त्यांच्याच मागे उभ्या राहून, त्यांच्या हातांकडे बघत शिकत आहेत.